जुनी गाडी घेताय? मालक गप्प बसला तर ती फसवणूक ठरतेच असं नाही, म्हणून सौद्याआधी हे प्रश्न लेखी विचारा

समजा, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा एक तरुण आहे. कारखान्याकडून उसाचं बिल जमा झालंय. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दरवेळी भाड्याची गाडी बघावी लागते, म्हणून घरच्यांनी ठरवलं की एक जुनी कार घेऊन टाकू. मोबाईलवर जाहिरात दिसली. पुण्याची गाडी, नंबर एमएच-१२. ‘सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, शोरूम मेंटेन, एक रुपयाचं काम नाही.’ फोटो चकाचक. इसार दिला, पुण्याला जाऊन गाडी आणली, आईनं ओवाळलं, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले.

पाचव्या दिवशी केजहून येताना टेम्परेचरचा काटा वर चढला आणि गाडी रस्त्यातच बंद पडली. टोचन करून अंबाजोगाईच्या गॅरेजला नेली. मिस्त्रीनं सीटखालचं कार्पेट उचललं, फ्यूज बॉक्स उघडला आणि म्हणाला, “दादा, ही गाडी पाण्यात गेलेली आहे.”

विकणाऱ्याला फोन लावला. त्याचं उत्तर, “भाऊ, तुम्ही विचारलंच कुठं?”

हा प्रसंग आम्ही रचलाय, पण जुनी गाडी घेतलेल्या कुणालाही तो नवा वाटणार नाही. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मिस्त्रीचं नाही, विकणाऱ्याचं आहे. कारण ‘तुम्ही विचारलंच कुठं’ हा नुसता उद्धटपणा नाही. आपल्या कायद्यात त्याला खरोखर आधार सापडतो.

१८७२ चा कायदा आणि आजारी घोडा

आपल्याकडे खरेदी-विक्रीचे व्यवहार ज्या कायद्यावर उभे आहेत तो भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १७ फसवणूक म्हणजे काय ते सांगतं. त्या काळी कार नव्हत्या, त्यामुळे कायदा करणाऱ्यांनी उदाहरणं घोड्याची घेतली.

पहिलं उदाहरण असं. एका माणसाला ठाऊक आहे की आपला घोडा धडधाकट नाही. तो लिलावात घोडा विकतो आणि आजाराबद्दल चकार शब्द काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. अपवाद आहेत, जसं की घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे खरं सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. पण अनोळखी गिऱ्हाईकाला हा अपवाद लागू होत नाही.

याच कलमात पुढे आणखी एक उदाहरण आहे. घेणारा विकणाऱ्याला आधीच सांगतो की तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. आता मात्र कायदा त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरतो. म्हणजे त्यानं तोंडानं ‘घोडा चांगला आहे’ असं सांगितल्यासारखंच.

घोडा तोच, आजार तोच, विकणाऱ्याचं मौनही तेच. बदललं ते एवढंच की घेणाऱ्यानं आधी प्रश्न टाकून ठेवला होता.

आपल्याकडच्या बैलबाजारात हे शहाणपण जुनंच आहे. बैल घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, आणि मग मालकाला सरळ विचारतो, ‘काही खोड आहे का? मारका आहे का? नांगराला बसतो का?’ कारण बाजार सोडल्यावर बैल नांगराला बसला तर मालक सापडत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण रंग बघतो, एसी लावून बघतो, गाणी वाजवून बघतो आणि इसार देऊन मोकळे होतो.

मग नेमकं विचारायचं काय?

सौदा ठरायच्या आधी, इसार द्यायच्या आधी, विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाका. भांडणाच्या सुरात नाही, साध्या भाषेत. उदाहरणार्थ असा:

‘नमस्कार. तुमची गाडी (नंबर लिहा) मला घ्यायची आहे. त्याआधी खालच्या गोष्टी सांगा.
१. गाडीचा मोठा अपघात झालाय का? चेसिस, पिलर किंवा एअरबॅगचं काम झालंय का?
२. गाडीच्या आत कधी पुराचं किंवा पावसाचं पाणी शिरलंय का?
३. विमा कंपनीनं गाडी कधी टोटल लॉस केली होती का?
४. मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत का? मीटर कधी बदललंय का?
५. इंजिन किंवा गिअरबॉक्स कधी खोललाय का?
६. कर्ज, चलन, पोलीस केस किंवा कोर्टाचं काही बाकी आहे का?
७. गाडी आधी टुरिस्ट किंवा भाड्यानं चालत होती का?
यातलं काही असेल तर कळवा. तुम्ही काही कळवलं नाही, तर असं काही झालेलं नाही असं धरून मी गाडी घेतोय.’

शेवटची ओळ वाचली? ते घोड्याचंच उदाहरण आहे, फक्त दीडशे वर्षांनी व्हॉट्सअॅपवर आलंय.

या मेसेजचे दोन फायदे. प्रामाणिक माणूस खरं सांगतो, आणि त्या हिशोबानं तुम्ही भाव पाडून मागू शकता. अपघात झालेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते, नुसता बंपर किंवा दरवाजा बदललेला असेल तर घाबरायचं कारण नाही. आणि लबाड माणूस एक तर खोटं लिहून देतो, जे पुढे पुरावा म्हणून कामाला येतं, नाहीतर ‘घ्यायची तर घ्या, एवढं काय विचारता’ म्हणतो. हे उत्तर आलं की समजून जायचं आणि दुसरी गाडी बघायची.

मात्र प्रश्न विचारले म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अट आहे. विकणाऱ्यानं मौन पाळून फसवलं असेल, पण साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करून मागता येत नाही. म्हणून विचारणं आणि तपासणं, दोन्ही लागतं.

आधी कागद बघा: गाडीचाही सातबारा असतो

आपण जमीन घेताना काय करतो? सातबारा काढतो, फेरफार बघतो, बोजा आहे का ते तपासतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी.

परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर किंवा ‘एम-परिवहन’ अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्ज कुणाचं आहे अशी माहिती मिळते. जाहिरातीत ‘सिंगल हँड’ आणि पोर्टलवर तिसरा मालक, असं निघालं तर पुढची बोलणी तिथंच थांबवा. ई-चलनाच्या पोर्टलवर थकलेला दंडही दिसतो.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, ज्याला एजंट ‘एचपी’ म्हणतात, तर ‘कर्ज फिटलंय हो, फक्त नाव काढायचं राहिलंय’ यावर विसंबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्सरच्या संमतीशिवाय मालकी बदलत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बोजा तसाच राहिला आणि आधीच्या मालकानं हप्ते थकवले, तर वसुलीवाले तुमच्या दारात उभे राहतात.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर आणखी जपा. मराठवाड्यात हैदराबाद, बिदरकडच्या गाड्या स्वस्तात मिळतात म्हणून येतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. हा खर्च धरला तर स्वस्त गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. राज्यातल्या राज्यात मात्र नंबर बदलावा लागत नाही. पुण्याची एमएच-१२ गाडी बीडचं एमएच-२३ किंवा अंबाजोगाईचं एमएच-४४ न घेताही तुमच्या नावावर होते.

चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची ऑनलाइन सोय आहे. इंजिन आणि चेसिस नंबर टाकला की गाडी पोलिसांच्या चोरीच्या यादीत आहे का ते कळतं. त्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर स्वतः जुळवून बघा. १७ अक्षरं-आकडे असतात, एकेक जुळवा. त्या जागी घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेल्डिंग किंवा वाकडे आकडे दिसले तर हात जोडून निघा. चोरीची गाडी तुम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली असली तरी तुमची होत नाही. पोलीस ती जप्त करतात.

आणि एक कागद बहुतेक लोक वाचतच नाहीत. तो म्हणजे विम्याची पॉलिसी. त्यावर ‘नो क्लेम बोनस’ असा एक आकडा असतो. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. क्लेम घेतला की हा आकडा शून्यावर येतो. आता मालक म्हणतोय ‘सहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही’ आणि फुल इन्शुरन्सच्या पॉलिसीवर बोनस शून्य, तर सरळ विचारा, ‘मागच्या वर्षी क्लेम कशाचा घेतला?’ बोनस शून्य असण्याची दुसरीही कारणं असतात. पॉलिसी बराच काळ बंद पडलेली असू शकते, किंवा गाडी नुकतीच या मालकाकडे आलेली असू शकते, कारण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पण प्रश्न विचारायला एवढं निमित्त पुरे.

पाण्यात गेलेली गाडी आपल्यापर्यंत येते कशी?

२००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर आपल्या बीड-धाराशिवकडेच पूर आला. केज तालुक्यातल्याच धनेगावला मांजरा धरण आहे, त्यामुळे नदीकाठच्या गावांना पाणी दारात आलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. पुरात माणसांचे हाल होतात, घरं पडतात, आणि गाड्याही बुडतात.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त जात असेल तर विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. गाडी वापरण्याजोगी उरली नसेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. गडबड इथंच होते. नोंदणी रद्द होत नाही, कुणीतरी गाडी धुऊन, वाळवून, रंग मारून पुन्हा रस्त्यावर आणतो, आणि ती शक्यतो दूरच्या जिल्ह्यात विकली जाते, जिथं तिचा इतिहास कुणाला माहीत नसतो.

याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्रातच घडलंय. २०२१ च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी पनवेल भागात एक टोळी पकडली. पुराच्या पाण्यानं खराब झालेल्या, भंगार म्हणून काढलेल्या बीएस-४ गाड्या घ्यायच्या, त्यांचे चेसिस नंबर बदलायचे आणि धडधडीत विकायच्या, असा तो धंदा होता. पोलिसांनी दीडशेच्या आसपास गाड्या जप्त केल्या. बीएस-४ गाड्यांची नवी विक्री आणि नोंदणी १ एप्रिल २०२० पासून बंद झाली होती, म्हणजे या गाड्या रस्त्यावर यायलाच नको होत्या. ज्यांनी पैसे मोजून घेतल्या, त्यांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

पाण्यात गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही, हीच तिची खोड. पाणी वायरिंगच्या जोडांत, सेन्सरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये शिरतं आणि गंज हळूहळू चढतो. चार-सहा महिन्यांनी एकेक दिवा पेटायला लागतो. म्हणून आधीच बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का? स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का? सीटच्या पट्ट्यांना खालून गंज आहे का? हेडलाइटच्या आत वाफ धरलीय का? काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो का? आणि जुन्या गाडीत सगळं कार्पेट नवंकोरं असेल तर जुनं का काढलं, हे विचारा.

इंजिन थंड असताना बघा, आणि आपला मिस्त्री सोबत न्या

गाडी बघायला जाल तेव्हा आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकानं तुमच्या येण्याआधीच गाडी चालू करून ठेवलीय. कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. उशिरा चालू होणं, खडखड आवाज, धूर, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत दिसतं.

धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम निघू शकतं. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंटचं पाणी आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. सकाळच्या गारव्यात थोडी वाफ येणं वेगळं. काळा धूर म्हणजे डिझेल किंवा पेट्रोल नीट जळत नाही. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ चहासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शक्यता आहे.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटला पाहिजे आणि थोड्या वेळानं विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे हे कळतं. पण तो पेटलाच नाही तर जास्त संशय घ्या, कारण अपघातात एअरबॅग उघडल्यावर नवी न बसवता दिव्याचीच वायर तोडल्याचा प्रकार होतो.

बोनेट आणि दरवाज्यांचे बोल्ट बघा, रंग उडालेला असेल तर ते खोललेत. दोन पत्र्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? काचांवर बारीक अक्षरात बनवल्याचं साल असतं. सगळ्या काचा २०१७ च्या आणि एकच २०२२ ची असेल तर ती का बदलली, विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

मीटर मागे घेणं आता डिजिटल झालंय. एक छोटं यंत्र जोडलं की लाखाचे पन्नास हजार होतात. म्हणून मीटर सोडून बाकीचं बघा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चकाकतंय, ड्रायव्हरची सीट खचलीय, आणि मीटर म्हणतंय ४० हजार, हे जुळत नाही. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवरून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. दर सर्व्हिसिंगला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ मध्ये ७८ हजार आणि आज ५४ हजार, असं दिसलं की विषय संपला.

डिझेलची बीएस-६ गाडी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. या गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि सलग चालावी लागते. घर ते शेत, गाव ते बाजार एवढाच वापर असेल तर तो चोंदतो. तुमचा वापर असा असेल तर पेट्रोलचा विचार करा.

हे सगळं एकट्यानं जमणार नाही. आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याचा दिवसाचा रोजगार आणि जेवणखाण तुम्ही करा. ओबीडी स्कॅनर लावून कॉम्प्युटरमधले बिघाड वाचायला सांगा. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. विकणाऱ्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीकडून पास झालेली गाडी ही पास झालेली नसते.

घेतल्यावर नाव लगेच लावा

टीटीओ फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तशीच महिनोन्महिने फिरवायची, ही आपल्याकडची सर्रास सवय. कायद्यानं राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत.

हे पाळलं नाही तर दोघंही अडकतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हात बदलत गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

विम्याचंही तसंच. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी दहाला झालेला अपघात किंवा चलन कुणाच्या माथी, हे त्या वेळेवरून ठरतं.

एवढं करूनही फसलात, तर?

गाडी बंद पडली की पहिला विचार येतो तो म्हणजे पटकन दुरुस्त करून टाकू, मग बघू. इथंच बरेच लोक हरतात. इंजिन खोललं, जुने पार्ट भंगारात गेले, की पुरावा गेला. म्हणून या क्रमानं जा.

पहिलं, गाडी थांबवा आणि खोलायच्या आधी फोटो-व्हिडिओ काढा. मिस्त्रीकडून किंवा सर्व्हिस सेंटरकडून बिघाड काय आहे, तो किती जुना दिसतो आणि खर्च किती, हे तारखेसह लिहून घ्या. स्कॅनरचा रिपोर्ट ठेवा. पार्ट काढले तर जपून ठेवा.

दुसरं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅप चॅट, इसार पावती, बँकेची नोंद एकत्र करा. पूर्ण रक्कम रोखीनं दिली असेल तर अवघड जातं, म्हणून पैसे नेहमी खात्यातून द्या.

तिसरं, विकणाऱ्याला लेखी कळवा. काय सांगितलं होतं, काय निघालं, आणि तुम्हाला काय हवंय. पैसे परत की दुरुस्तीचा खर्च, ते स्पष्ट लिहा आणि १५ दिवसांची मुदत द्या. बरीच प्रकरणं इथंच मिटतात.

चौथं, नाही मिटलं तर दार कुठलं ठोठवायचं ते विकणारा कोण आहे यावर ठरतं.

विकणारा डीलर असेल, म्हणजे गाड्या विकणं हा त्याचा धंदा असेल, तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्याची असली तरी युसूफ वडगावचा ग्राहक बीडच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो, पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन तक्रार करता येते, आणि मुदत २ वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माल-वाहतुकीसाठी पिकअप घेतली असेल तरी ती स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच ठरता.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियमही आलाय. ते पाच वर्षांसाठी असतं. मालकानं गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की जबाबदारी डीलरवर येते. सौद्याआधी ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा’ म्हणायला लाजू नका.

विकणारा तुमच्या-आमच्यासारखा साधा मालक असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही, कारण तो व्यापारी नाही. तिथं करार कायदा आणि दिवाणी कोर्ट. आणि नेमकं इथंच तुम्ही आधी पाठवलेला मेसेज कामाला येतो. त्यानं खोटं लिहिलं असेल किंवा प्रश्न वाचून गप्प बसला असेल, तर ‘तुम्ही विचारलंच कुठं’ हे उत्तर त्याच्याकडे उरत नाही.

चेसिस नंबर खोडलेला, खोटी कागदपत्रं, चोरीची गाडी किंवा ठरवून केलेली फसवणूक असेल तर पोलीस ठाणे. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. युसूफ वडगावला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, तक्रार देताना कागदांचा एक संच सोबत न्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जुनी गाडी म्हटलं की झीज आलीच. सहा महिन्यांनी क्लच प्लेट गेली, बॅटरी उतरली, सस्पेन्शन वाजायला लागलं, यासाठी कुठलंही कोर्ट विकणाऱ्याला धरणार नाही. दोष विक्रीच्या दिवशी होता, त्याला माहीत होता आणि त्यानं तो लपवला, हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून पैसे ठरवतानाच थोडी रक्कम पहिल्या कामांसाठी बाजूला ठेवा.

प्रामाणिक मालकाचं नुकसान

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता, त्या कामासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. गाडी चांगली की खराब हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. घेणारा फसण्याच्या भीतीनं सगळ्यांनाच कमी भाव देतो. मग चांगली गाडी असलेला मालक म्हणतो, एवढ्या कमी भावात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो आणि बाजारात खराब गाड्याच जास्त उरतात.

म्हणजे लपवाछपवीत नुकसान फक्त घेणाऱ्याचं होत नाही. ज्यानं दहा वर्षं गाडी जपली, वेळेवर ऑइल बदललं, त्यालाही त्याचा भाव मिळत नाही. अशा मालकाला तुमच्या सात प्रश्नांचा राग येणार नाही. उलट तो सर्व्हिसिंगची फाईल काढून तुमच्यासमोर ठेवेल.

घरात कुणी जुनी गाडी बघत असेल तर वरचा मेसेज कॉपी करून त्याला पाठवा. नारळ फोडायच्या आधी पाठवलेला बरा.